दुसरा पदर

लाईट गेली की माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम वाढतं, आणि उदगीरात लाईट जायला काही निमित्त लागत नाही. लोकांना वाटतं, दयानंदचं बरं चाललंय. मला मात्र आता फोनची रिंगसुद्धा नकोशी झालीय. जो तो एकच सांगतो, "काल तर चालू होतं."

बिलकीसभाभींनीही तेच सांगितलं. चौबाऱ्यामागच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. त्या कॉम्प्युटरवर डिझाइन काढतात आणि मशीन ते कापडावर भरतं. सकाळी लाईट लागोपाठ दोनदा गेली-आली, आणि सगळी डिझाइनं जिच्यात होती ती एसएसडी कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली.

मी केबल बदलली. जोडायची जागा बदलून पाहिली. माझ्या लॅपटॉपला जोडली. काही नाही. मग शेवटचा उपाय केला, डेटाची केबल काढून तिला नुसती वीज देऊन ठेवली. एकदम वीज तुटली की एसएसडीच्या आतलं कधीकधी विस्कटतं, आणि तिला निवांत वीज मिळाली तर ती आपलं आपण सावरून घेते. तोवर हात लावायचा नाही, बसून राहायचं. मला बसायचंच होतं.

भाभींनी माझ्यापुढं एक लाल ओढणी पसरली. मुलीची, उमैमाची होती. परवा तिचा निकाह. एका पदरावर चांदणीची वेल भरलेली, दुसरा पदर कोरा.

"हा काल भरला. दुसरा आज भरायचा होता."

"मशीनच्या मेमरीत असेल की डिझाइन."

"पुसून टाकलं. रोज काम आटोपलं की पुसतेच मी."

"पेनड्राइव्ह?"

तोही पुसलेला, वर त्याच्यात लग्नाची गाणी ठासून भरलेली. मी कपाळाला हात लावला. "एखादी कॉपी तरी ठेवायची, भाभी!"

"कॉपी ठेवली की बाजारात जाती, भाऊ. तुम्हाला ठाव न्हाई का?"

ठाऊक होतं. या धंद्यात सकाळी दारात टांगलेलं डिझाइन संध्याकाळी शेजारच्या दुकानात दिसतं. पण भाभींना ही पुसापुशीची सवय लावली ती आलियानं, त्यांच्या सख्ख्या नणंदेनं, म्हणजे उमैमाच्या फूफीनं. भाभींनीच तिला काम शिकवलं. भांडण झालं तेव्हा ती डिझाइनं उचलून घेऊन गेली आणि स्टेशनकडं तिनं स्वतःचं दुकान टाकलं. ही चांदणीची वेल, भाभींनी काढलेलं पहिलं डिझाइन, तीही नेली. तेव्हापासून बोलणं बंद. उमैमाच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा तिला नव्हतं.

मी पुन्हा केबल जोडली. स्क्रीनवर एसएसडीचं नाव उमटलं. भाभी खुर्चीतून उठल्या. मी उघडायला गेलो आणि नाव गेलं. पुन्हा सगळं केलं, पुन्हा वाट पाहिली, पण ते परत काही आलं नाही.

"गेलं, भाभी," मी म्हणालो. हे सांगायचा मला मनापासून कंटाळा आहे. "हैदराबादला पाठवता येईल. पण परवाच्या आत काही होत नाही."

भाभी कोऱ्या पदरावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिच्याकडं असंल."

"कुणाकडं?"

"नाटक करू नका. तिचा कॉम्प्युटर तुम्हीच बघता." त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात कोंबला. "जा, घेऊन या."

मी तो टेबलावर ठेवला. "मी दोघींकडं येतो-जातो, भाभी. इकडचं तिकडं सांगत नाही, आणत तर नाहीच. तुम्ही ऑटोनं जा. मी मागून येतो."

मला वाटलं, नाही जाणार. पण त्यांनी बुरखा चढवला आणि ओढणी पिशवीत घातली.

आलिया त्यांना पाहून उभीच राहिली. सलाम नाही, दुआ नाही. भाभींनी मशीनच्या टेबलावर ओढणी पसरली आणि काय झालं ते भिंतीकडं बघत सांगितलं. दोघी आपल्या दखनीत बोलत होत्या. मला समजलं तसं सांगतो.

"वेल हाय माझ्याकडं," आलिया म्हणाली. "पण जुळायची न्हाई. मी पानाचं टोक बदललंय. तुमचं सरळ होतं, मी वळवलं."

 परवाच्या नवरीनं काय एकाच पदराची ओढणी घ्यायची?

आलियानं फाईल उघडली आणि भरलेला पदर स्क्रीनजवळ धरला. एकेका पानावर बोट ठेवत गेली. मग थांबली.

"भाभी, ह्यात पण टोक वळवलेलंच हाय."

भाभींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"हे वळण माझं हाय."

"तुझ्या दुकानाच्या काचेत बघितलं होतं," भाभी म्हणाल्या. "चांगलं दिसत होतं."

आलियानं तोंडावर स्वतःच्या ओढणीचं टोक दाबलं. हसतेय की रडतेय, मला कळेना. मग तिनं कोरा पदर मशीनवर ताणून बसवला, दोरा ओवला आणि पाठमोरीच विचारलं, "परवा किती वाजता?"

"तू सकाळीच ये. फूफीशिवाय पोरीला ओढणी कोण घालणार?"

मशीन सुरू झालं. मी धंद्याच्या सवयीनं म्हणालो, "भाभी, आता तरी एक कॉपी काढून ठेवा."

टाक्यांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "हाय की. हिच्याकडं हाय."