दुधी ओपेलचा दसरा

बॉनेटवर कुंकवाच्या दोन रेघा एकमेकींना छेदून झाल्या होत्या. दीनानाथ आता त्यांना टोकं जोडणार, तेवढ्यात सूनबाईंनी, क्षितिजाने, त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, थांबा. स्वस्तिक नको."

"का? मुहूर्त टळला?"

"मुहूर्त ठीक आहे. देश ठीक नाही. घरी सांगते."

दीनानाथांनी बोट तसंच हवेत ठेवलं. त्यांचा जन्म साताऱ्यात सरकारी ॲम्बॅसडर चालवण्यात गेला होता. मागचे साहेब बदलत, गाडी तीच राही. दर दसऱ्याला ते तिला पहाटे न्हाऊ घालत. मग हार, नारळ, चाकाखाली लिंबू. यंदा मे महिन्यात निवृत्त झाले, किल्ली नव्या ड्रायव्हरच्या हातावर ठेवली आणि मुलाकडे हॅनोव्हरला आले. मुलाकडे गाडीच नव्हती. तो ट्रामने ऑफिसला जाई आणि वर त्याचा अभिमान बाळगी. पत्नी शैलाबाई चक्क्याऐवजी जर्मन क्वार्कचं श्रीखंड घोटता घोटता म्हणाल्या, "अहो, नातीच्या सायकलची करा पूजा." सायकल गुलाबी होती. दीनानाथांनी तिला हळद लावली, पण मन भरेना. गाडीशिवाय दसरा गेला, तर आपण ड्रायव्हर होतो याला पुरावा काय?

म्हणून क्षितिजा त्यांना आणि सहा वर्षांच्या अन्वीला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला घेऊन आली. नुसतं बघायला. दीनानाथांच्या कोटाच्या खिशात मात्र कुंकू, लिंबू आणि बाल्कनीतल्या झेंडूचा हार होता.

गाड्या इतक्या चकचकीत, की त्यांच्यासमोर उभं राहायच्या आधी आपणच तोंड धुवावं. प्रत्येकीपुढे 'हात लावू नये' अशी पाटी. मालक घडीच्या खुर्च्यांवर बसून शेजाऱ्याच्या गाडीतले दोष काढत होते. दीनानाथ एका दुधी रंगाच्या, पोट सुटलेल्या ओपेलपाशी थबकले ते हललेच नाहीत. शेवटी क्षितिजाने मालकाला, सत्तरीच्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्रूझना सांगितलं की आज गाडीचे आभार मानायचा सण आहे, सासऱ्यांना तेवढं करू द्या. क्रूझनी बराच विचार केला आणि एकच विचारलं: हे किती दिवस चालतं? पुढच्या दसऱ्यापर्यंत, ती म्हणाली. सरकारी तपासणी दोन वर्षं चालते, क्रूझ म्हणाले, पण त्यात फुलं नसतात. करा.

तर आता बॉनेटवर नुसतीच लाल फुली उभी होती, आणि क्रूझ वाकून ती बघत होते. क्षितिजाने पुसायला रुमाल काढला. क्रूझचा चेहरा उजळला. ते आयुष्यभर अशीच लाल फुली असलेली रुग्णवाहिका चालवत होते. या परक्या माणसाने ते ओळखलं कसं, असं त्यांनी विचारलं. क्षितिजा "आल्झो…", म्हणजे 'त्याचं असं…', एवढंच म्हणाली आणि तिने हार पुढे केला.

हार चढला, चाकाखाली लिंबू बसलं. शेजारच्या मालकाने विचारलं, याचे मेळाव्याच्या स्पर्धेत गुण मिळतात का? "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं क्रूझ ठामपणे म्हणाले. मग रांग लागली. रांग जर्मन होती, त्यामुळे कुणी घुसलं नाही. लिंबू एकच होतं, म्हणून अन्वीने तळलेल्या माशांच्या टपरीवरून फोडी आणल्या. शास्त्रात फोड चालते की नाही ते दीनानाथांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चालते असं ठरवून टाकलं. एका ट्रॅक्टरवाल्याने हे डिझेललाही लागू पडतं का, अशी खात्री करून घेतली. आजोबा कुंकू लावत, हात जोडत, आणि अन्वी पुढच्याला बोलवायला ओरडे, "देअर नेख्स्टं, बिट्टं!"

रांग संपली. ओपेल लिंबावरून न्यायची राहिली होती. दीनानाथ सवयीने उजवीकडच्या पुढच्या दाराकडे गेले. आत स्टिअरिंग नव्हतं. ते ओशाळून मागे फिरले, तर क्रूझ मागचं दार उघडून, टोपी हातात घेऊन उभे.

"बाबा, ते म्हणतात, बसा. मैदानाला एक चक्कर मारून आणतो."

"मागे?"

"मागे."

असं दार त्यांनी जन्मभर उघडलं होतं, पण त्यातून आत कसं शिरतात याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आधी कुठला पाय? त्यांनी उजवा टाकला. बसल्यावर हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले.

क्रूझनी दार हलकेच लावलं. चाकाखाली लिंबू फुटलं. दीनानाथ ताठ बसून बाहेर बघत होते, आणि गाडी पहिल्या वळणाला लागली तेव्हा त्यांच्या उजव्या पायाने, जिथे काहीच नव्हतं तिथे, हळूच ब्रेक दाबला.