दिवे वाढवावेत काय?

टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि हात पुढे केला.

"द्या बघू इकडे. माझा नाही विश्वास बसत."

मास्तरांनी पत्र दिलं. त्यात जेमतेम दोन ओळी होत्या. आठपैकी एका घराची संमती नसल्याने अर्ज निकाली काढला आहे. फेरअर्ज दोन वर्षांनी करता येईल. कार्यालयाचं पत्र जितकं आखूड तितकं ते पक्कं, एवढं मास्तरांना सदतीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

गल्ली आठ घरांची आणि दिवा एकच, तोही गल्लीच्या तोंडाशी. त्यापुढे संध्याकाळ झाली की माणसं भिंतीला हात लावत चालत. नवे खांब घरांसमोर उभे राहणार म्हणून आठही घरांचा होकार हवा होता, आणि अर्ज लिहिला तेव्हा तो मिळणार यात कुणालाच शंका नव्हती.

"कुणी नाही म्हटलं?"

मास्तर शिलाई मशीनच्या चाकाकडे बघत राहिले. कुणाचं मत काय ते सांगणार नाही, असा शब्द त्यांनी घरोघर दिला होता.

"नका सांगू. सहा घरांशी माझं रोजचं बोलणं आहे, सातवी मी. उरल्या कोण? मावशी." टेलरबाईंनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "ज्या बाईचा नवरा गेल्या महिन्यात अंधारात गटारात पडला, ती बाई नाही म्हणते. माझी पोरगी रोज कामावरून त्याच अंधारातून येते. मी फाटकात बॅटरी धरून उभी असते, वेड्यासारखी. काय जात होतं हो त्यांचं?"

अर्ज मास्तरांनी लिहिला होता, याच खोलीत, याच कापडाच्या चिंध्यांत बसून. 'नवे दिवे बसवा असं सरळ लिहा की,' असं टेलरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. त्यावर मास्तरांनी चष्मा सारखा करून समजावलं होतं की एक दिवा आहे, तेव्हा प्रश्न नव्याचा नाही, संख्येचा आहे. शब्द कसा नेमका हवा. त्यांच्या नादी कोण लागणार? मग 'गल्लीतले दिवे वाढवावेत काय?' हे वाक्य घेऊन ते दारोदार फिरले, ते वाचून दाखवलं, समोरून आलेलं होय किंवा नाही स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली सही घेतली. वर एक शब्द बोलले नाहीत. आपण काही समजावायला गेलो तर तो दबाव होईल, असं त्यांचं म्हणणं. या निःपक्षपातीपणाचा त्यांना मनातून चांगलाच अभिमान होता.

"तुम्हीच विचारा त्यांना," टेलरबाई म्हणाल्या. "मी गेले तर तोंडातून भलतंच जायचं."

संध्याकाळी मास्तर गेले तेव्हा मावशी उंबऱ्याशी वाकून नवऱ्याच्या चपलांचे पट्टे लावत होत्या. काकांनी आयुष्यभर बस चालवली. आता त्यांना पोटचा मुलगा फोटोत ओळखू येत नाही, पण दिवस कलला की ड्यूटीची वेळ झाली एवढं मात्र कळतं. मग त्यांना घरात धरून ठेवणं कुणाच्या बापाला जमत नाही. पट्टा लागला आणि ते निघालेच. मावशी गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि मागे लागल्या. मास्तर त्यांच्याबरोबर चालू लागले.

काका बरेच पुढे गेले होते. गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा पिवळा गोल पडला होता, त्यात जाऊन ते थांबले. खांबावर हात ठेवून, शांत.

"मावशी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"दिव्यांना तुम्ही नाही म्हणालात. का बरं?"

मावशींनी दम खाल्ला. या शहाण्या माणसाला हेही कळू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"बघताय ना? दिवा दिसतो म्हणून हे तिथे थांबतात. तोच वाढवलात तर सरळ मोठ्या रस्त्यावर जातील, गाड्यांत. मला पळता येणार आहे का यांच्यामागे? तुमचं सगळ्यांचं काही कारण असेल, विजेचं म्हणा, आणखी कशाचं म्हणा. मी काही बोलले नाही. पण हो कशी म्हणू?"

'अहो, उलट,' असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. निजायच्या वेळी त्यांची आई म्हणायची, दिवा वाढव रे. विझव म्हणायची नाही, अशुभ म्हणून. दरवर्षी वर्गात ते हेच शिकवत आले होते, अगदी रंगून, आणि एका मार्काला विचारतही होते. त्यांना शरमेने मावशींकडे बघवेना.

"उद्या कार्यालयात जाऊन येतो," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग कागद त्यांच्याकडे फिरवला.

"नाही असं लिहिलंय. अक्षर कुणाचं?"

"माझं."

"खाली सही?"

"त्यांचीच. पण त्यांना म्हणायचं होतं की..."

"मास्तर, तुमचे खांब सकाळीच पलीकडच्या वस्तीला गेले. म्हणायचं काय होतं, त्याला आमच्याकडे रकाना नाही."

तो उर्मटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने मास्तरांना पाणी दिलं.

परतायला संध्याकाळ झाली. टेलरबाई बॅटरी घेऊन पोरीच्या वाटेवर थेट दिव्यापर्यंत आल्या होत्या, आणि तिथे मावशी होत्या, काका होते. मास्तर पाय उचलत जवळ पोहोचेपर्यंत टेलरबाईंचा संयम सुटला.

"एक सांगते, मावशी. तुमच्यामुळे राहिले बरं दिवे."

मावशींनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"राहिले? खरंच? मला वाटलं, माझ्या एकटीचं कोण ऐकतंय. तुम्ही ऐकलंत गं. सगळ्यांनी ऐकलंत."

टेलरबाईंना काही उमजेना. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही. त्या मास्तरांकडे बघू लागल्या, आणि मावशीही वळल्या.

"मास्तर, राहिला ना हो दिवा?"

काका खांबाला धरून उभे होते. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग दोघींकडे.

"राहिला," ते म्हणाले.