प्रभाकरची मातकट गिटार

चांगदेव मास्तरांना संशय घ्यायला कारण लागत नसे, सवड मिळाली की झालं. भाजीवाली हसली की ते तराजूकडे बघत, आणि नाही हसली तर टोपलीच्या तळाकडे. वर्गात सगळ्यांचं गणित बरोबर आलं, तर पोरांची खैर नसे. अशा माणसाने ऑर्केस्ट्रा काढावा म्हणजे कमालच की नाही? पण काढला होता खरा. ऐंशीच्या दशकातली भिवंडी ती. हळद असो, सत्यनारायण असो, गणपती असो, बोलावलं की ‘मेघमल्हार ऑर्केस्ट्रा’ हजर.

तालीम दर शुक्रवारी, निजामपुऱ्यात सुताच्या दुकानावरच्या खोलीत. एरवी त्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नाही. शुक्रवारी लूमना सुट्टी, सगळं गाव गप्प. मग सूर लावायचे ते त्याच दिवशी, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कधी कुणी विचारसुद्धा केला नव्हता.

गिटार वाजवायचा प्रभाकर. पोस्टात कारकून, मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त, आणि स्वभावाने इतका सरळ की मास्तरांना त्याची काळजीच वाटे. त्याची ती इलेक्ट्रिक गिटार मात्र बघवत नसे. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली. नाव कधीच पुसलेलं, रंग मातकट, आकार इस्त्रीच्या टेबलासारखा आणि वजन म्हणाल तर खांदा उतरेल. तारांखाली पत्र्याच्या दोन जाडजूड डब्या आणि बाजूला बटणांची ही रांग! मांडवातली पोरं विचारत, “काका, यातलं पंख्याचं बटण कुठलं?” प्रभाकर त्यांच्याबरोबर हसायचा आणि वाजवायला लागायचा. मग कुणी हसत नसे. असा भरलेला, ऊबदार सूर यायचा की गायिका विद्युल्लता म्हणायची, “प्रभाकरभाऊ मागे असले ना, की मला पडायची भीतीच वाटत नाही.”

पण लोक आधी बघतात, मग ऐकतात, असं मास्तरांचं मत. दुसऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडे चकचकीत गिटारी आल्या होत्या. मास्तरांनीही एक आणली. लालभडक, सडपातळ, दोन शिंगं फुटलेली. शुक्रवारी तालमीत लावून बघितली. काय तो आवाज, काचेसारखा स्वच्छ!

“आता हीच वाजवायची,” मास्तर म्हणाले. “तुझं ते टेबल घरी ठेव.”

प्रभाकरचा चेहरा उतरला. “चांगू, दिसायला बरी नाही माझी, मान्य. पण ती कधी दगा देत नाही रे.”

“आणि ही देईल?”

“तसं नाही म्हणत मी,” प्रभाकर म्हणाला आणि आपली गिटार पेटीत ठेवायला लागला. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. याला राग आलाय. आणि राग आलेला माणूस आज ना उद्या काहीतरी करणारच.

आणि झालंही तसंच! पहिलाच कार्यक्रम जवळच्या कामतघर भागात. विद्युल्लताने आलाप घेतला, प्रभाकरने लाल गिटार सुरू केली आणि स्पीकरमधून आवाज आला, गुंऽऽऽ. थांबेचना. गाण्यात गुंऽऽऽ, निवेदनात गुंऽऽऽ. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, वो मच्छर को कोई मारो यार!” मांडव खो खो हसला. मास्तरांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी गिटार तपासली. चूं नाही की चां नाही. वायर तीच, स्पीकर तोच, वाजवणारा तोच. मास्तरांनी प्रभाकरकडे रोखून बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर तालमीत सगळं ठीक, आणि चार लोकांत गेलं की बिघडतं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

दुसऱ्या कार्यक्रमाच्या आधी त्यांनी लाल गिटार आपल्या घरी कपाटात कुलूप लावून ठेवली. किल्ली जानव्याला. स्टेजवर चढेपर्यंत प्रभाकरला तिला बोटसुद्धा लावू दिलं नाही. तरी गुंऽऽऽ! मास्तर पडद्याआडून डोळ्यांत तेल घालून बघत होते. आणि मग त्यांना दिसलं. प्रभाकरचा हात तारांवर असला की आवाज कमी होतो, हात उचलला की वाढतो. हात ठेवला, कमी. उचलला, जास्त. सापडला चोर! स्वतःच्या हाताने करतोय मेला, आणि तोंड बघा कसं गरीब गाईसारखं!

कार्यक्रम संपल्या संपल्या, वायरी गुंडाळायच्या आतच मास्तर कडाडले. “प्रभाकर, तुला तुझं टेबल वाजवायचं होतं तर तोंडाने सांगायचंस. माझा ऑर्केस्ट्रा कशाला बुडवतोस?”

“मी?” प्रभाकरला आधी ती थट्टाच वाटली. “चांगू, मी काय केलं?”

“तुझ्या हाताची करामत मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. जळतोस तू!”

ढोलकीवाला खाली बघायला लागला. विद्युल्लता म्हणाली, “मास्तर, अहो काय बोलताय हे?” पण ते कुठले ऐकायला. प्रभाकरने लाल गिटार अलगद खुर्चीवर ठेवली. “शाळेपासून ओळखतोस मला,” एवढंच म्हणाला आणि मांडवातून चालता झाला. पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही.

मास्तरांनी कल्याणहून दुसरा वादक आणला. तोही वाजवायला लागला की गुंऽऽऽ. मास्तरांना वाटलं, प्रभाकरने जाता जाता आत काहीतरी करून ठेवलंय. मेकॅनिककडे नेली, तो म्हणाला, मालात काहीच खोट नाही. मेकॅनिकही त्याच्याच ओळखीचा असणार!

मग सावळाराम पाटलांच्या पोराची हळद आली. पाटलांचे लूम मांडवाला लागूनच. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा सुरू झाला तशी गिटारही घोंघावायला लागली. पाटील पानाची पिचकारी टाकून म्हणाले, “मास्तर, तुमची गिटार हाय का पिठाची चक्की? आमच्या लूमपरीस जास्त वरडते.” मग त्यांनी कामगाराला हाक मारली. “ए, घरात हळद हाय, लूम बंद करा आता. पावण्यांना बोललेलं ऐकू येत न्हाय.”

एकेक लूम थांबत गेला. तसतशी गिटारही उतरत गेली, आणि शेवटचा लूम थांबला तेव्हा ती पार गप्प झाली. मांडवात फक्त बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. मास्तर स्टेजवर उभेच राहिले.

“पाटील,” ते कसेबसे म्हणाले, “एक लूम परत चालू करायला सांगता?”

“आता काय झालं?”

“सांगा ना!”

लूम चालू झाला. गुंऽऽऽ. वादकाने तारांवर हात ठेवला, आवाज कमी झाला. उचलला, वाढला. लूमच्या मोटारी गावभरच्या विजेत जी कुरकुर सोडत होत्या, ती ही नखरेल गिटार गोळा करत होती. शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारी ती शहाणी. आणि याच गल्ल्यांत, याच विजेवर, त्या मातकट धुडाने वर्षानुवर्षं एक अक्षर वावगं काढलं नव्हतं! त्या पत्र्याच्या डब्यांत काय युक्ती होती देव जाणे. इतकी वर्षं लोक तिला हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते मास्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते प्रभाकरच्या दारात गेले. माईंनी, म्हणजे त्याच्या आईने, दार उघडलं. “अगोबाई, चांगदेवा! किती दिवसांनी रे? प्रभाकर म्हणाला, तुमचे कार्यक्रम सध्या बंद आहेत म्हणून. बस, पोहे टाकते.”

त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं. मास्तरांना माईंच्या तोंडाकडे बघवेना.

प्रभाकर बाहेर आला. मास्तरांनी सगळं सांगितलं. लूम, शुक्रवार, कल्याणचा वादक, पाटलांचा मांडव. “माझी अक्कल शेण खायला गेली होती रे. माफ कर. तुझी गिटार घे आणि चल. येत्या रविवारी विद्युल्लताच्या मागे तूच हवास.”

प्रभाकरने शांतपणे ऐकलं. “असं होय,” म्हणाला. रागावला नाही, ओरडला नाही. आत गेला आणि गिटारची पेटी घेऊन आला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

“घेऊन जा,” प्रभाकर म्हणाला. “चांगली आहे ती, घरात पडून राहायला नको. त्या कल्याणच्या मुलाला वाजवू दे.”

“आणि तू?”

“मी नाही येत.” मग तो आत वळून म्हणाला, “माई, जरा बाहेर येतेस?”

माई पदराला हात पुसत आल्या.

“चांगू, आता पेटी उघड,” प्रभाकर म्हणाला. “तारा बघ, बटणं बघ, वायर बघ. सगळं जागच्या जागी आहे ना ते माईसमोर नीट तपासून घे. रविवारी काही वाजलं नाही, तर उगाच माझ्यावर नको.”

“अरे, हे काय?” माई हसल्या. “चांगदेव काय परका आहे का तपासायला?”

“असू दे, माई. त्याला बघू दे.”

मास्तर खाली बसले. त्यांनी कडी उघडली आणि मान वर न करता एकेक बटण बघायला लागले.