शून्य परत येईपर्यंत

सोमवारी सकाळी लाइनमनने शिंपीकाकांचा टेलिफोन कायमचा बंद केला. आता हे विसरायचं, कारण घरच्यांच्या लेखी तसं काही घडलेलंच नाही. वायर तो गुंडाळून घेऊन गेला, फोनचा डबा मात्र “ऑफिसलाही नकोय” म्हणून ठेवून गेला, आणि काकूंनी तो नेहमीसारखा पुसून त्यावर रुमाल टाकला.

प्रश्न नव्या फोनचा होता. तो लेकीने पाठवला होता. त्यावर तिचा फोटो होता आणि फोटोला बोट लागलं की ती थेट “बाबा?” म्हणायची. काकांना एवढी तत्परता झेपत नव्हती. त्यांचा पहिला शब्द लहानपणापासून अडायचा, दारात चप्पल शोधत बसल्यासारखा. तो एकदा बाहेर पडला की मागचे शिस्तीत यायचे. जुन्या फोनवर चकती फिरवून सोडली की ती कुरकुरत जागेवर येईपर्यंत शब्द जिभेवर घोळवता यायचा. शून्य फिरवलं की चकती तर सगळ्यात लांबून परत येते, आणि लेकीच्या नंबरात शून्यंच शून्यं. त्या नंबरावर काका एकदाही अडले नव्हते.

आज परगावी लेकीच्या स्वतःच्या शिलाईच्या दुकानाचा पहिला दिवस. बाबांनी “उघड” म्हटल्याशिवाय ती कुलपाला हात लावणार नव्हती. दारात दोन गिऱ्हाइकं आणि एक मांजर ताटकळत होतं.

काकांनी दोनदा फोटोला बोट लावलं, दोनदा “बाबा?” ऐकलं आणि दोनदा घाबरून फोन कापला.

“अहो, टाचणी गिळलीत का?”

“रे... रेंज नाही.”

“रेंज आहे. तुम्हीच नाही आहात.”

काकांनी रुमाल बाजूला केला, मेलेला फोन मांडीवर घेतला आणि शून्यात बोट घातलं. इकडे काकूंनी नव्या फोनवरचा फोटो दाबून तो स्पीकरवर टाकला आणि शिलाई मशीनवर ठेवला.

कुर्रर्र.

“अहो, आली ती लाइनवर! बोला!”

“आई, थांब,” फोनमधून लेक म्हणाली. “बाबांचं शून्य अजून परत यायचंय.”

काकांचा हात हवेतच राहिला. तिला हे केव्हापासून ठाऊक होतं, ते त्यांनी विचारलं नाही. घसरलेला चष्मा वर सारला आणि पुढचा आकडा फिरवला. मग त्याच्या पुढचा.

“मशीन बिघडलंय का हो?” पलीकडे एका गिऱ्हाइकाने विचारलं.

“नाही,” लेक म्हणाली. “बाबा बोलतायत.”

शेवटचं शून्य सावकाश जागेवर आलं.

“उघड,” काका म्हणाले.

शटरचा खडखडाट इतका मोठा होता की काकूंनी डोळे पुसले ते धुळीमुळे, असं त्यांचं म्हणणं आहे.

दुपारी काकांनी टेलिफोन कार्यालयाला अर्ज लिहिला: “महोदय, आपल्या कार्यालयाने इतकी वर्षं दर कॉलमागे, बिलात न लावता, जो वेळ पुरवला त्याबद्दल मी सहकुटुंब आभारी आहे. सदर वेळ माझ्या नव्या फोनवर वर्ग करून मिळावा, ही नम्र विनंती.”