मावशीच्या शर्टाची बटणं

मास्तरला कोणी फसवलं, असं सांगितलं असतं तर दुकानातलं शेंबडं पोरही हसलं असतं. कापड चिमटीत धरून भेसळ ओळखणारी बाई ती. बाई हे आपलं आपल्यात हं. दुकानात ती दादाचा धाकटा भाऊ, कटिंग मास्तर. ती बाई आहे हे फोनवरच्या चौदा मैत्रिणींनाच ठाऊक, आणि त्या सगळ्या तिच्यासारख्याच, मुलगा म्हणून वाढवलेल्या.

घोळ केला एका वेबसाइटने. ‘तुमच्यासारख्यांचं हक्काचं घर’ म्हणे. डॉक्टर गाठून देऊ, नव्या नावाची कागदपत्रं करून देऊ. तिथे एक मावशी भेटली. फोटोत कंबरेत छान बसलेला शर्ट, पण बटणं बायकांच्या नव्हे, पुरुषांच्या शर्टाच्या बाजूला. दुसऱ्या कोणाला दिसलंही नसतं. मास्तरचं मात्र काळीज विरघळलं, कारण तिनेही आपले जुने शर्ट असेच उसवून कंबरेत घेतले होते. ही आपल्यातलीच, असं ती धरून चालली. मग काय, जुनं नाव, ओळखपत्र, झग्यातला फोटो, अडीअडचणीला म्हणून दादाचा नंबर, सगळं दिलं.

महिन्याभरात मावशीची भाषा फिरली. मैत्रिणींचे नंबर दे, नाहीतर फोटो दादाला जाईल. मास्तरने मावशीचा फोटो पुन्हा निरखला, तर मागच्या पाटीवरची अक्षरं वाचता येईनात. तिने तो ट्रायल रूमच्या आरशासमोर धरला. बटणं बायकी बाजूला आली आणि पाटीवरची अक्षरं सरळ वाचता आली. कोणा भलत्याच बाईचा चोरलेला फोटो उलटा करून लावला होता. मावशी मुळात नव्हतीच.

नंबर द्यायचे नाहीत, एवढं तिने ठरवलं. त्या मैत्रिणींतली चिमणी जेमतेम एकोणीसची, तापट बापाच्या घरात राहणारी. त्याला कळलं तर तिची धडगत नव्हती. पण दादाला कळलं तर? आईच्या माघारी ह्याच दादाने घास भरवले होते. इकडे आड, तिकडे विहीर. फोन वाजला की कापडावरच्या खुणा चुकायच्या. पाचव्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून तिने दादाला सगळं सांगून टाकलं.

दादाने इस्त्री उभी करून ठेवली.

“फोटो मला मंगळवारीच आलाय, धमकीसकट,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? मला तुझं हे कळत नाही रे. पण तुझी अब्रू चव्हाट्यावर येऊ देईन का मी? त्यांना हवं ते देऊन टाकलं. आता नाही त्रास देणार.”

“काय दिलंस, दादा?”

“तू जेवायला गेला होतास, फोन उघडाच होता. त्या चौदा जणींचे नंबर दिले. आपलं कोण लागतं त्यातलं?”

कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. मास्तरने मैत्रिणींना सावध करायला फोन उचलला. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. चिमणीचा मेसेज होता.

“ताई, तुझ्या मावशीशी कालपासून बोलतेय. किती गोड आहे गं. तिने तुझं नाव सांगितलं, म्हणून मी बिनधास्त फोटो पाठवले.”