सेंटरची खोली

जेरोमने ताटावर हात आडवा धरला आणि अनुराधाबाईंनी त्या हाताच्या कडेने तिसरी पोळी आत सरकवली.

"नको, मिस काकू. खरंच."

"एवढीशी तर आहे."

"नको, पोट भरलं."

"अरे, गरम आहे रे. गरम पोळीला कुणी नाही म्हणतं का? घे."

मग जेरोम हसला, हात काढून घेतला आणि पोळीचा मोठा तुकडा भरल्या वांग्यात बुडवला. अनुराधाबाईंनी वरून तूप सोडलं. सप्टेंबरपासून हे असंच चाललं होतं. पहिला 'नको' मोजायचा नाही, दुसरा शिष्टाचाराचा, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट्याने खायचं, हा कायदा मिसिसिपीहून आलेल्या त्या सहा फूट दहा इंची माणसाला आठवड्याभरातच कळला होता. त्याच्या गावी वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात म्हणे. म्हणून काकूंची मिस काकू झाली, आणि ते अनुराधाबाईंना इतकं आवडलं, की लीड्सच्या लेकीला, वरदाला, फोनवर चारचारदा सांगून झालं. बाकीचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं; पण 'घे', 'बस' आणि 'पुरे' हे शब्द त्याला पक्के आले होते. 'पुरे'चा उपयोग होत नाही, हेही कळलं होतं.

समोर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला, कमलाकरांना, हा प्रकार मुळीच पटत नसे. हवं असेल तर माणूस मागेल, देवाने तोंड दिलंय की त्याला, असं त्यांचं म्हणणं. उभ्या संसारात त्यांनी कुणाला दुसऱ्यांदा चहा विचारला नव्हता.

साउथहॅम्प्टनच्या इस्पितळात एक्स-रे आणि स्कॅन वाचण्यात हयात घालवून डॉक्टर कमलाकर गद्रे निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर इथली माणसं बाग करतात, कुत्रं पाळतात. कमलाकरांनी डॉकर्स पाळले. डॉकर्स हा शहराचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ. व्यावसायिक अशासाठी की पगार मिळतो, एवढंच. सामने कौन्सिलच्या क्रीडा संकुलात, जिथे जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषाही दिसायच्या. वरदा शाळेत खेळायची तेव्हा तिला घेऊन जाता जाता त्यांना नाद लागला. वरदा नोकरीला लीड्सला गेली, नाद मागे राहिला.

संघ मात्र ओळीने हरत होता. दोन अमेरिकन, एक लिथुएनियन आणि बाकी स्थानिक पोरं: त्यातला एक शाळेत व्यायाम शिकवायचा, एक डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. गेल्या वर्षी क्लब बुडता बुडता वाचला, तेव्हा मालकीणबाईंनी सीझन तिकीटवाल्यांची सभा घेऊन पगारासकट सगळा खर्च पडद्यावर दाखवला होता. त्या दिवसापासून कमलाकरांना चेव चढला. दर सोमवारी ते चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक लिहीत: कोणाला किती मिळतं, आणि त्या पैशात तो किती खेळतो. बास्केटवर आपटून परत आलेला चेंडू झेलायचा म्हणजे रिबाउंड. तर एक रिबाउंड क्लबला केवढ्याला पडला, हे त्यांनी काढलेलं नवीनच माप. त्या मापाने यंदा सर्वांत महाग ठरत होता चौदा नंबर, बास्केटखाली उभा राहणारा सेंटर. म्हणजे त्यांच्याच घरी तिसरी पोळी खाणारा जेरोम.

खेळाडूंना फ्लॅट देणं परवडेना, म्हणून उन्हाळ्यात क्लबने चाहत्यांना विचारलं होतं, कुणाकडे रिकामी खोली आहे का. कमलाकरांनी सभेत हात वर केला आणि घरी येऊन मग बायकोला सांगितलं. वरदाच्या पलंगावर एवढा माणूस मावणार कसा, म्हणून अनुराधाबाई दोन दिवस कुरकुरल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पियानोचं स्टूल पलंगाच्या पायथ्याशी लावून वर उशी ठेवली.

जानेवारीतल्या शनिवारी डॉकर्स घरच्या मैदानावर पुन्हा हरले. जेरोम बचावासाठी मागे परतायला उशीर करत होता. त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी पोरं त्याच्या नाकासमोरून चेंडू नेत होती. कमलाकरांच्या शेजारी बसणारा बॅरी, बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला, चिप्स खात म्हणाला,

"तुमचा माणूस जडावलाय, डॉक. घरी काय खायला घालता त्याला?"

बॅरी हसला. कमलाकर हसले नाहीत. गेले दोन महिने जेरोम कठड्याला धरून जिना चढत होता, एकेका पायरीवर थांबत. ते त्यांना आठवलं आणि डोळ्यांसमोर तुपातल्या पोळ्या आल्या.

सामना संपल्यावर मालकीणबाई माइक घेऊन उभ्या राहिल्या. पैसे संपत आलेत, महिनाअखेरीला तिघा परदेशी खेळाडूंपैकी एकाला सोडावं लागेल, म्हणाल्या. कोणाला, ते बोलल्या नाहीत. बॅरीने कमलाकरांकडे पाहिलं आणि चिप्सचा कागद उगाच चुरगाळत बसला.

घरी आल्या आल्या, कोटही न काढता, कमलाकर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. जेरोम संघाबरोबर मागे थांबला होता.

"अनू, उद्यापासून त्याला आग्रह बंद."

सगळं ऐकून घेतल्यावर अनुराधाबाईंनी गॅस बारीक केला.

"म्हणजे माझ्या पोळ्यांनी त्याची नोकरी जाणार?"

"मी असं म्हटलं नाही."

"असंच म्हटलंत. आणि त्या ग्रुपवर कोण लिहितं हो त्याच्याविरुद्ध? आपल्या घरी जेवणाऱ्या माणसाविरुद्ध?"

"मी खेळाबद्दल लिहितो. माणसाबद्दल नाही."

"वा! खेळ काय त्याचं भूत खेळतं?"

"अगं, ऐक तरी. अजून दोन आठवडे आहेत. थोडा हलका झाला, पळायला लागला, तर वाचेल. मलाही तो जायला नकोय." हे शेवटचं वाक्य त्यांनी कोटाची बटणं काढता काढता म्हटलं. "एकदा विचार. नको म्हणाला की नको."

"एकदाच विचारणं म्हणजे ऊठ म्हणण्यासारखंच की."

"आपल्याकडे. त्याला काय कळतंय?"

रविवारी रात्री ताटात कोशिंबीर जास्त होती आणि पोळ्या दोन. तूप कपाटातच राहिलं. जेरोमने दोन्ही पोळ्या संपवल्या.

"आणखी?" अनुराधाबाईंनी विचारलं.

"नको, मिस काकू." त्याने सवयीने हात आडवा धरला.

अनुराधाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. हात पुसले, खाली बसल्या आणि आपल्या ताटातला भात कालवू लागल्या. जेरोमचा हात ताटावर तसाच होता. त्याने डब्याकडे पाहिलं, मग कमलाकरांकडे. कमलाकर पाणी पीत होते, बराच वेळ पीत राहिले. शेवटी त्याने हात काढून घेतला, जेवण छान होतं म्हणाला, ताट स्वतः धुऊन ठेवलं आणि हळूहळू जिना चढून गेला.

"झालं समाधान?" अनुराधाबाई म्हणाल्या. त्यांनी ताट बाजूला सारलं.

सोमवारी दुपारी जेरोम सरावाहून लवकर परत आला. अनुराधाबाई वाळलेले कपडे घेऊन वर गेल्या, आणि दारातूनच त्यांनी हाक मारली.

"अहो! अहो, वर या आधी!"

कमलाकर धावत वर आले. पलंगावर बॅग उघडी होती. निम्मी भरून झाली होती, आणि जेरोम एक टी-शर्ट मांडीवर घेऊन नीट चौकोनी घडी घालत होता.

"हे काय?" कमलाकरांनी विचारलं.

"क्लबने तुम्हाला आधीच कळवलं असणार, डॉक. तुम्हाला अवघडायला नको. मी गुरुवारचं तिकीट बघतोय."

"आम्हाला कुणी काही कळवलेलं नाही."

जेरोमने मान वर केली. "पण काल मिस काकूंनी एकदाच विचारलं."

मग तोच समजावून सांगू लागला, अगदी शांतपणे. आठ वर्षांत पाच देश झाले. काढून टाकतात तेव्हा क्लब सर्वांत शेवटी सांगतो. आधी आजूबाजूची माणसं बदलतात. हंगेरीत घरमालकीण रोज सकाळी हाक मारून कॉफी द्यायची. एक दिवस तिने हाक मारली नाही, आणि संध्याकाळी क्लबचा फोन आला. "या घरात तीनदा विचारतात. काल एकदाच विचारलंत, तेव्हा कळलं मला. म्हटलं, कुणी सांगायच्या आत आपणच सांगावं. आज सकाळी कोचला खरं सांगून टाकलं."

"काय खरं?"

"गुडघा. नोव्हेंबरपासून गेलाय. गोळ्या घेऊन खेळत होतो."

कमलाकर मटकन वरदाच्या खुर्चीवर बसले. जन्मभर लोकांचे गुडघे बघितले, हजारोंनी बघितले, आणि घरातला माणूस रोज समोर जिना चढत होता तेव्हा ते पोळ्या मोजत होते.

"म्हणजे... माझ्या स्वयंपाकाने नाही?" अनुराधाबाईंनी विचारलं. विचारल्यावर त्यांनाच लाज वाटली.

"तुमच्या स्वयंपाकाने? तो नसता तर मी ख्रिसमसलाच घरी गेलो असतो."

"मूर्खपणा माझा," कमलाकर म्हणाले. "मीच हिला सांगितलं, एकदाच विचार म्हणून. मला वाटलं, वजन उतरलं तर तू वाचशील. आणि ग्रुपवरही मीच तुझ्याबद्दल—"

"वाचतो मी ते. दर सोमवारी." जेरोम थोडासा हसला. "बरोबर असतं तुमचं, डॉक. मी खरंच महाग पडत होतो. आता त्या पैशात व्हॅनवाल्या पोराला पूर्ण वेळ घेतील. चांगला आहे तो. तुम्हीच लिहिलं होतंत."

त्याने उठून टी-शर्ट बॅगेत ठेवला. "ही खोली सेंटरची आहे. माझ्या पगारात धरलेली. उद्या नवा कुणी आला तर त्याला लागेल."

"खोली कुणाची ते तुझा क्लब ठरवणार का?" अनुराधाबाईंचा आवाज चढला. हातातले कपडे त्यांनी बॅगेत न ठेवता मुद्दाम कपाटात ठेवले. "इथे आधी माझी मुलगी राहायची, आता तू राहतोस. सेंटरबिंटर मला माहीत नाही. तू राहा."

"नको, मिस काकू. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला आलाय? गुडघा बरा होईपर्यंत राहा."

"नको. खरंच."

पण त्याचा हात बॅगेच्या झाकणावर होता आणि झाकण तो लावत नव्हता. अनुराधाबाईंनी पुन्हा बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनी स्वेटरच्या बाहीने डोळे टिपले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. जेरोम खाली बघत उभा होता.

कमलाकर म्हणाले, "एवढ्या लांबच्या विमानप्रवासात गुडघा आखडेल. आधी एमआरआय करून घेऊ, माझ्या ओळखीचे आहेत. व्हिसालाही अजून मुदत असेल तुझ्या..."

जेरोम नुसती मान हलवत होता. हे सगळं बरोबर होतं, आणि तो वाट बघत होता ती यातल्या कशाचीच नव्हे, हे कमलाकरांना बोलता बोलता कळलं. बोलणं तिथेच सोडून ते खुर्चीवरून उठले. त्याच्याशी बोलायचं तर मान पार वर करावी लागे, तशी केली.

"राहा रे," ते म्हणाले. मराठीतच म्हणाले. "राहा आमच्याकडे."

जेरोमने ओठ घट्ट मिटून घेतले. मग तीन बोटं वर करून म्हणाला, "हे तिसरं."

"तिसरं," कमलाकर म्हणाले.

तो पलंगावर बसला आणि बॅगेतून एकेक वस्तू परत काढू लागला. तळाशी सामन्याचे बूट होते. ते खाली ठेवायला तो वाकला, पण गुडघा वाकेना. "थांब," म्हणून कमलाकरांनीच ते त्याच्या हातातून घेतले. दोन्ही बूट छातीशी धरून ते सावकाश जिना उतरले आणि दाराजवळ स्वतःच्या चपलांशेजारी त्यांनी ते नीट जोडीने लावून ठेवले.