सोबत फॉन्ट पाठवला नव्हता

शामकला पटले टाइपिंग शिकली ती टाइपरायटर मशीनवर. पुढे कुडव्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत तिने टाइपिंगचं दुकान मांडून कॉम्प्युटर ठेवला, तेव्हा मराठी फॉन्टचा कीबोर्ड मशीनसारखाच निघाला आणि बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. लग्नपत्रिका, अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव, सगळं ती त्याच फॉन्टमध्ये करायची. नागपूरच्या प्रेसला सीडी पाठवताना फॉन्टची फाइल आठवणीने सोबत टाकायची. फॉन्ट नसला की तिकडे अक्षरं उमटत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं.

२००३ च्या भादव्यात केशोराव बिसेन तिच्याकडे आले. सालेकशाचे शेतकरी, सत्तरीला टेकलेले. हात कापायचा म्हणून लिहिता येत नव्हतं.

"पोराले चिठ्ठी पाठवायची आहे. ते ईमेल का म्हनतेत, त्यानं," ते म्हणाले.

मुलगा हेमेंद्र पुण्यात कंपनीत होता. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या वेळी आई मुन्नीबाई आजारी पडली आणि नऊ दिवसांत गेली. केशोरावांनी त्याला कळवलं ते सगळं उरकल्यावर. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं धानापुरतं आणि पावसापुरतं उरलं होतं.

केशोराव तीन दिवस रोज गाडीने यायचे आणि थांबत थांबत सांगायचे. शामकलाने विचारलं, "काकाजी, शुद्ध भाषेत करू का?"

"नाही बाई. मी बोलून राहिलो तसाच राहू दे. नाही त त्याले वाटल, दुसऱ्यानं लिवला."

चिठ्ठीत होतं ते असं. तुझ्या मायनं आपल्या गळ्याची आन घातली होती, पोराचा पेपर बुडवू नका म्हणून. मी तिचा ऐकला. पण तुले बोलवाले पायजे होता. चुकी तिची नाही, माझी आहे. यंदा तिच्या तिथीले घरी ये. तू आला नाही त मी समजून जाईन.

शामकलाने ती फाइल केशोरावांचं नाव इंग्रजीत टाकून आपल्या दुकानाच्या ईमेलवरून पाठवून दिली. मराठी फाइल ईमेलने पाठवायची तिची ही पहिलीच वेळ होती.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, दोनच ओळी. तिने ते केशोरावांना वाचून दाखवलं, "बाबा, तुम्ही पाठवलेलं माझ्या काही कामाचं नाही. पुन्हा असं पाठवू नका."

शामकलाने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"बराबर आहे त्याचा," एवढंच म्हणाले आणि स्टेशनकडे चालू लागले. पुन्हा ते दुकानात आले नाहीत. २०१० मध्ये ते वारल्याचं तिला बाजारात कोणाकडून तरी कळलं. पोरगा क्रियाकर्माला आला होता आणि तेरवी होताच परत गेला, असंही कळलं. निर्दयी पोरगा, असं तिच्या मनात आलं.

दोन वर्षांनी ऑफिसांतून निरोप यायला लागले, आता सगळं युनिकोडमध्ये द्या, म्हणजे वेगळा फॉन्ट लागत नाही. जुना कॉम्प्युटरही बंद पडला होता. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या उदारामभाऊंनी नवा बसवून दिला आणि जुन्या फाइली त्यात टाकल्या. त्या आल्या आहेत का, हे पाहायला शामकलाने पहिली हाताला लागली ती पत्रिका उघडली. पडदाभर इंग्रजी अक्षरं, मधे कंस, टिंबं, चिन्हं. गणपतीच्या नावापासून आहेरापर्यंत एक शब्द मराठी नाही. फॉन्ट नसला की काय दिसतं, हे तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

"हे काय झालं, भाऊ? व्हायरस आहे का?"

"नाही ताई, जुना फॉन्ट यात नाही. टाकला की दिसते."

उदारामभाऊ फॉन्ट टाकायला बसले. शामकलाला मात्र केशोरावांची चिठ्ठी आठवली. त्या ईमेलसोबत तिने फॉन्ट पाठवला नव्हता.

त्या रात्री ती जेवली नाही. सांगायचं कोणासाठी? म्हातारा तर गेला. सांगून पोराच्या जिवाला घोर लावायचा, एवढंच उरलं होतं. पण न सांगता बसणंही तिला जमेना. ती चिठ्ठी तिने युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायला घेतली. नव्या कीबोर्डवर अक्षरांच्या जागा वेगळ्या, बोटं जागोजागी अडत होती. पन्नास ओळींना पाच दिवस लागले. मग सालेकशाहून तिने हेमेंद्रचा नंबर मिळवला आणि फोन करून आपली चूक जशी घडली तशी सांगितली.

तो म्हणाला, "मला वाटलं व्हायरस आहे. आमच्या ऑफिसात तेव्हा त्याचा फार धाक होता. फोनवर विचारू म्हटलं आणि राहून गेलं." मग त्याने विचारलं, "माझं उत्तर ऐकून बाबा काय म्हणाले?"

खोटं बोलता आलं असतं. शामकला म्हणाली, "बराबर आहे त्याचा, म्हणाले."

फोन कट झाला. तिने चिठ्ठी त्याच्या मोबाइलवर पाठवली. उत्तर आलं नाही.

महिनाभराने हेमेंद्र स्वतः दारात उभा राहिला. चाळिशीकडे झुकलेला, बापासारखाच उंच. त्याने आधी कडवटपणे विचारलं, "तेव्हाच तुम्ही एक फोन का नाही केला?"

"काही सुचलंच नाही," ती म्हणाली.

तो बसला. बाबा कसे सांगायचे, कुठे थांबायचे, सगळं विचारत राहिला. आठवेल तेवढं ती सांगत गेली. मग जरा घुटमळून म्हणाली, "एक ओळ त्यांनी काढायला लावली होती."

"कोणती?"

"'मले तुयी लय याद येते.' मी टाइप केली, तर म्हणाले, हे काहाड बाई, पोरगा हसल."

हेमेंद्रने मान खाली घातली. शामकला उठून आत गेली आणि उगाच चहाचं भांडं घासत राहिली. बाहेर आली तेव्हा तो मॉनिटरसमोर उभा होता.

"ती ओळ कुठे होती?"

"शेवटी. नावाच्या वर."

"टाका परत."

तिने फाइल उघडली. 'लय' टाइप करताना बोट पुन्हा जुन्या जागी गेलं. तिने ते अक्षर खोडलं, नव्या जागचं शोधलं आणि ओळ पूर्ण केली.